रविवारनंतरचा सोमवार

(कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मृतिदिनी, ९ फेब्रुवारीला दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



संयोजकांचं पत्र आलं तेव्हा त्यांनी विषय माझ्यावर सोडला होता. अट एकच होती. बोलायचं लोखंड्यांवर, पण 'तेच ते' नको. तेच ते म्हणजे काय, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. रविवारची सुट्टी. दर रविवारी सकाळी कुणीतरी मोबाइलवर लोखंड्यांचं चित्र धाडतं, खाली मजकूर असतो की आज तुम्ही उशिरापर्यंत लोळताय ते यांच्या कृपेने. आपण हात जोडल्याची खूण टाकतो आणि पुन्हा लोळतो. टपाल खात्याने २००५ साली त्यांचं तिकीट काढलं, तेव्हाही बातम्यांत रविवारच होता.

हा मान खोटा नाही, पण फार लहान आहे. लोखंड्यांनी जे मागितलं त्यातलं आपल्याला सगळ्यात सोयीचं तेवढं आपण उचललं आणि बाकीचं तसंच ठेवलं. त्या बाकीच्याबद्दल मी आज बोलणार आहे. पण त्याआधी एका सोमवारबद्दल बोलतो, कारण लोखंड्यांचा रविवार मला त्या सोमवारमुळेच कळला.

माझे वडील गिरणीत कार्डिंग खात्यात होते. गिरणीचं नाव घेत नाही. आता तिथे काचेचा मनोरा उभा आहे. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. पहिली पाळी सुटली की दादा चाळीच्या जिन्याशी थांबून सदरा झटकायचे. भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळीवरची लव पांढरी, पापण्यांवर रुईचं तूस. आम्हा पोरांना त्याची गंमत वाटायची. आई पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन दारात उभी. छातीत बसलेला कापूस गुळाने उतरतो, असं सगळी चाळ मानायची. गूळ पोटात जातो, फुप्फुसात नाही, हे मला पुढे शाळेत कळलं. दादांना सांगितलं तर म्हणाले, "असू दे. गोड तर लागतो."

रविवारी दादा माणसांत यायचे. सकाळी दाढी, दुपारी सागुतीचं जेवण, संध्याकाळी आम्हाला घेऊन दादरच्या चौपाटीवर. त्या दिवशी खोकला नसायचा. आणि सोमवारी संध्याकाळी ते जिना चढताना मधल्या मजल्यावर कठड्याला धरून उभे राहायचे. छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतं, म्हणायचे. मंगळवारी थोडं कमी. बुधवार-गुरुवारपर्यंत बसायचं. पुढच्या सोमवारी पुन्हा पाटा. आईचं निदान ठरलेलं होतं : "काल दोनदा ताक प्यालात, मग छाती भरणार नाही तर काय!" मुकादमाचं निदान वेगळं होतं. त्याच्या मते हा सोमवारचा कंटाळा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, विडी सोडा. दादा विडी ओढायचे, हे मी लपवणार नाही. पण विडी ते रविवारीही ओढायचे.

सोमवारचं हे कोडं घटकाभर बाजूला ठेवू आणि १८८४ सालात जाऊ.

तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत दिवस उगवला की यंत्रं सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस लांबला की कामही लांबायचं. ज्या रविवारी यंत्रं थांबायची, त्या रविवारीही ती पुसायला माणसं बोलावली जायची. १८७५ साली मुंबई सरकारने गिरण्यांची स्थिती पाहायला आयोग नेमला होता. त्यात मालकांच्या बाजूचाच भरणा होता, आणि बहुमत पडलं की कायद्याची गरज नाही. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी स्वतःहून कायद्याचा मसुदा तयार करून बघितला, त्यालाही दाद मिळाली नाही. अखेर १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालचं मूल कामावर घेऊ नये, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांहून जास्त राबवू नये आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावं, मुख्यतः एवढंच त्यात होतं. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल अक्षर नव्हतं.

त्या वादातला एक पेच मला फार महत्त्वाचा वाटतो. हिंदुस्थानात फॅक्टरी कायदा व्हावा म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडत होते ते लँकेशायरचे गिरणीमालक. त्यांना कामगारांची कणव आली होती असं नाही. मुंबईचं स्वस्त सूत त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. साहजिकच आपल्याकडच्या अनेक राष्ट्रवादी पत्रांनी कायद्याला विरोध केला. हा मँचेस्टरचा डाव आहे, देशी उद्योग मारायचा आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खोटंही नव्हतं. पण साहेबाचा हेतू वाईट आहे म्हणून पट्ट्यात सापडलेला हात तुटायचा राहत नाही. हे त्या काळी ज्या थोड्या लोकांना उमगलं, त्यांत महात्मा फुल्यांच्या तालमीतले लोखंडे होते. स्वतः गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले, १८८० पासून 'दीनबंधु' हे पत्र चालवणारे. देशाचा उद्योग आणि देशातला कामगार यांचं हित दर वेळी एकच असतं असं नाही, हे म्हणायला तेव्हाही छाती लागत होती, आजही लागते.

१८८४ साली सरकारने पुन्हा आयोग नेमला. तेव्हा २३ आणि २६ सप्टेंबरला परळला कामगारांच्या सभा झाल्या, लोखंडे अध्यक्षस्थानी. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात पाच मागण्या होत्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि पाचवी मागणी अशी की काम करताना इजा झाली तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य तरतूद व्हावी.

ही मागणी वाचताना मी दर वेळी थबकतो. नोकर जायबंदी झाला तर मालकाच्या मर्जीने चार पैसे, फार तर गावचं तिकीट, अशी त्या काळची रीत. इजेची भरपाई हा हक्क आहे ही कल्पना तेव्हा जगातही नवीच होती. जर्मनीत बिस्मार्कचा अपघात विम्याचा कायदा आला तो याच १८८४ सालातला. त्याच वर्षी परळच्या मैदानात, सहीच्या जागी अंगठा उठवणारी माणसं म्हणत होती की यंत्राने माझा हात घेतला तर त्या हाताचा हिशेब यंत्राच्या मालकाने द्यायचा. दया नको, हिशेब द्या. मुंबईच्या गिरण्यांत काम करून तुटलेलं शरीर ही ज्याची त्याची नशिबाची गोष्ट नाही, असं अर्जावर उतरलं ते इथे.

पुढचं आपल्याला पाठ आहे, म्हणून भराभर जातो. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजारांची सभा झाली, त्यात दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि बायकांसाठी दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली. ९ फेब्रुवारी १८९७ ला लोखंडे प्लेगने गेले. पुढच्याच महिन्यात सावित्रीबाई फुलेही प्लेगने गेल्या. प्लेगच्या त्या दोन महिन्यांत किती काय गेलं, याची मोजदाद मराठी समाजाने अजून केलेली नाही.

आणि पाचवी मागणी? ती पडून राहिली. सीताराम केशव बोल्यांनी १९०९ साली कामगार हितवर्धक सभा काढली, नारायण मल्हार जोशांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, पहिलं महायुद्ध झालं, कामगार संघटनांची आयटक स्थापन झाली, आणि मग १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला. तो अमलात आला १९२४ च्या जुलैत. अर्जापासून कायद्यापर्यंत एकोणचाळीस वर्षं. ज्याचा हात १८८४ साली गेला होता तो कामगार तोवर कधीच मरून गेला असणार.

बरं, कायदा आला तो मुख्यतः अपघाताचा. बोट तुटलं तर इतकं, डोळा गेला तर तितकं. रोगांची एक छोटी अनुसूची होती, तिच्यात शिसं, फॉस्फरस, अँथ्रॅक्स असे मोजके आजार. मुंबईसारखं कापसावर उभं राहिलेलं शहर, आणि त्या यादीत कापसाची धूळ नव्हती.

आता दादांच्या सोमवारकडे येतो. त्या पाट्याला नाव आहे : बिसिनोसिस. ब्लोरूम आणि कार्डिंग या खात्यांत गाठी फुटतात, रुई पिंजली जाते, तिथे धूळ सगळ्यात जास्त. बोंडाभोवतीची वाळकी पानं, त्यांच्यावर वाढणाऱ्या जंतूंचं विष, हे सगळं त्या धुळीत असतं. ती श्वासात गेली की काही तासांनी श्वासनलिका आवळतात. रोज जात राहिली तर शरीर चार दिवसांत तिला थोडं सरावतं. एक दिवस सुट्टी मिळाली की सराव मोडतो, आणि कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती पुन्हा आवळते. वर्षानुवर्षं असं झालं की मग सोमवार मंगळवारात सरकतो, मंगळवार बुधवारात, आणि शेवटी आठवडाभर सोमवारच उरतो. इंग्लंडात रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात लँकेशायरच्या कामगारांना तपासून या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या, त्या याच हिशेबाने. कधीमधी सोमवारी, दर सोमवारी, सोमवारी आणि इतर दिवशीही. एक्सरेवर त्याची वेगळी अशी खूण उमटत नाही. पकडायचा तर सोमवारी सकाळी कामावर चढण्याआधी फुंक मोजायची आणि पाळी सुटल्यावर पुन्हा मोजायची.

म्हणजे बघा, सुट्टी नसती तर हा आजार असा ओळखता आला नसता. लोखंड्यांनी रविवार मिळवला तो विसाव्यासाठी, देवदर्शनासाठी, बायकापोरांसाठी. पण त्या एका दिवसाच्या मोकळ्या हवेने सोमवारची हवा कशी आहे ते दाखवून दिलं. दादांची छाती दर आठवड्याला तक्रार नोंदवत होती. ती वाचणारं कुणी नव्हतं, एवढंच.

ब्रिटनमध्ये या आजाराची भरपाई १९४० च्या दशकात मिळू लागली होती. आपल्याकडे मात्र बरीच वर्षं असं सांगितलं जायचं की हिंदी गिरण्यांत बिसिनोसिस जवळपास नाहीच. आपलं हवामान वेगळं, खिडक्या मोठ्या, अशी कारणं. खरं कारण मला माझ्या घरातच दिसतं. दम लागायला लागला की माणूस खातं सोडायचा, मग बदली कामगारांत जायचा, मग बिऱ्हाड गुंडाळून गावाला. कोकणात, सातारा-सांगलीकडे. गिरणीत तपासणी करणाऱ्या डॉक्टरांपुढे रांगेत उभे राहायचे ते ज्यांची छाती अजून धड होती ते. आजारी सगळे एसटीने घरी गेलेले. गिरणगावाने कापड विकलं आणि खोकला गावाला पाठवला.

दादा १९७९ साली गावी गेले. तालुक्याच्या दवाखान्यातला त्यांचा शेवटचा केस-पेपर माझ्याकडे आहे. आजाराच्या ठिकाणी लिहिलंय 'दमा'. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलंय 'शेती'. आमची शेती म्हणजे दीड वाफा भाताची, तीही भाऊबंदकीत अडकलेली. कार्डिंग खात्यातली सत्तावीस वर्षं त्या एका शब्दाखाली गाडली गेली. लिहिणाऱ्याची चूक म्हणवत नाही. दादांनीच तसं सांगितलं असणार. गावात राहून गिरणी कशाला सांगायची!

मुंबईत या विषयात ज्यांनी काम केलं त्यांची नावं आज घ्यायलाच हवीत. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणी कामगारांच्या फुप्फुसांचा नेटाने अभ्यास केला. पुढे डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका गिरणीतल्या बिसिनोसिसवर लिहिलेला निबंध १९९५ साली 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'त छापून आला. यांच्यासारख्या लोकांचं काम सभेत टाळ्या मिळवणारं नसतं. गिरणीच्या गेटवर माणसं गोळा करायची, त्यांना नळीत फुंकायला लावायचं, आकडे लिहायचे, राज्य कामगार विमा महामंडळाचे फॉर्म भरायचे, वैद्यकीय मंडळाने नाकारले की पुन्हा भरायचे. पण काळाचा खेळ असा की हा पुरावा छापून येईतो गिरण्याच संपत आल्या होत्या.

इथे एक खंत बोलून टाकतो. १८ जानेवारी १९८२ चा संप झाला, अडीच लाख कामगार उतरले. त्याचं नेतृत्व करणारे दत्ता सामंत स्वतः डॉक्टर होते, आणि घाटकोपरच्या खाणकामगारांत दवाखाना चालवता चालवताच कामगार चळवळीत आले होते. त्या संपात पगारवाढ होती, बदली कामगारांचा प्रश्न होता, औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याची मागणी होती. धूळ मात्र मला त्या काळातल्या एकाही भिंतीवर रंगवलेली आठवत नाही. कामगारांनाच ती मागायची सुचली नाही. आजार हा आपल्याकडे खासगी असतो, संप पगाराचा असतो.

कामातून होणाऱ्या आजारांच्या विद्येचा बाप ज्या माणसाला म्हणतात तो इटलीतला बर्नार्दिनो रामाझिनी, आपल्या शिवकाळात जन्मलेला. १७०० साली त्याने कामकऱ्यांच्या आजारांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. त्याची सुरुवात कशी झाली, तर त्याच्या घरचा शौचकूप उपसायला आलेला माणूस जिवाच्या आकांताने घाई करत होता. रामाझिनीने त्याला विचारलं, एवढी घाई कशाला? तो म्हणाला, इथे जास्त वेळ थांबलं की डोळे जातात. त्यानंतर रामाझिनीने वैद्यांना सांगितलं, रोग्याला एक प्रश्न आणखी विचारा : तू काम काय करतोस? तीनशेहून जास्त वर्षं झाली. आपल्या शहरांत आजही माणसं मॅनहोलमध्ये उतरतात आणि वायूने गुदमरून मरतात, हे काम बंद करणारा २०१३ चा कायदा असताना मरतात. त्यांनाही कुणी घाईचं कारण विचारत नाही.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळची वायुदुर्घटना झाली. परळच्या अर्जाला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षं झाली होती. भोपाळच्या कारखान्यात १९८१ मध्येच विषारी वायूने एक कामगार गेला होता, आणि राजकुमार केसवानी नावाचा तरुण पत्रकार १९८२ पासून आपल्या 'रपट' साप्ताहिकात बजावत होता की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलंय. ऐकलं कुणीच नाही. नंतर १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांतल्या कामगाराला एक हक्क मिळाला. जिवाला तातडीचा धोका वाटला तर तो थेट व्यवस्थापनाला आणि निरीक्षकाला कळवू शकतो. कलम ४१-ह. आता त्या कायद्याच्या जागी २०२० ची कामगार-सुरक्षा संहिता आली, कलमांचे क्रमांक बदलले. डोंबिवलीत २०१६ च्या मे महिन्यात कारखान्यात स्फोट झाला, २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा झाला. स्फोट झाला की मंत्री येतात, कॅमेरे येतात. फुप्फुस स्फोट करत नाही, त्यामुळे त्याच्याकडे कुणी येत नाही.

याच फॅक्टरी कायद्यात कलम ८९ होतं. कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसाला अनुसूचीतला आजार आहे असं डॉक्टरला वाटलं, तर त्याने ते कारखाना निरीक्षकांच्या मुख्य कार्यालयाला विनाविलंब लेखी कळवायचं. बिसिनोसिस त्या अनुसूचीत होता, सिलिकोसिस होता, शिशाची विषबाधा होती. न कळवल्यास हजार रुपयांपर्यंत दंड. मी ओळखीच्या डझनभर डॉक्टरांना विचारलं, असं कधी कळवलंत का? दोघांनी कलमाचं नावही ऐकलेलं नव्हतं, बाकीच्यांनी परीक्षेपुरतं ऐकलं होतं. कळवलेलं एकानेही नव्हतं. हे सगळे चांगले डॉक्टर आहेत. त्यांच्या केस-पेपरवर व्यवसायाचा रकाना असतो आणि त्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो : 'नोकरी'.

म्हणून संयोजकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षी ९ फेब्रुवारीला वक्ता बोलवा, न बोलवा. या सभागृहात एक टेबल टाका, फुंक मोजायचं यंत्र ठेवा, आणि गिरणीतून, खाणीतून, फाउंड्रीतून निवृत्त झालेल्यांना बोलवा. समोर एक डॉक्टर बसवा, ज्याला आजार कळवायचा हा नियम ठाऊक आहे. ९ फेब्रुवारी सोमवारी आली तर फारच उत्तम.

आणि आपणा श्रोत्यांना एवढंच सांगतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्याल तेव्हा केस-पेपर लिहिणाऱ्याला 'नोकरी' लिहू देऊ नका. खातं सांगा. किती वर्षं ते सांगा. धूळ कसली होती ते सांगा. तो म्हणेल, रकान्यात एवढी जागा नाही. मागच्या बाजूला लिहायला लावा.